सूनबाईला शिकवलेला शब्द

आमच्या धंद्यात सेट ‘मोडा’ असं कुणी म्हणत नाही. नाटक संपलं, पडदा पडला, की वर चढलेल्या माणसाला खालून सांगायचं, ‘वाढवा.’ दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, तसा सेटही वाढवायचा. मोडा म्हटलं की पुढचा प्रयोग मोडतो, असं आमचे अण्णा म्हणायचे. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, बारावी सायन्स, पंचावन्न टक्के. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण चौतीस वर्षांत मी एकदाही ‘मोडा’ म्हटलेलं नाही, हेही खरं.

अण्णा नाटकांना दिवे लावायचे. म्हणून थोरल्याचं नाव भास्कर ठेवलं आणि माझं विद्युल्लता. एवढं लांब नाव मिरजेत कोण घेतो, मी सगळ्यांची विजूअक्का झाले. अण्णांच्या मागे आम्ही दोघांनी टोळी चालवली. नाटक असो, ऑर्केस्ट्रा असो, कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, कार्यक्रमाआधी कमान, दिवे, स्पीकर उभे करायचे आणि कार्यक्रमानंतर सगळं उतरवून टेम्पोत भरायचं. खालून हुकूम देणारी मी, वर चढणारा भास्करदादा.

अण्णांनी एक रीत घालून दिली होती. खालून शब्द गेला की वरच्यानं तो जसाच्या तसा परत द्यायचा. मी ‘ओढा’ म्हटलं की वरून ‘ओढा’. शब्द परत आला नाही तर खालच्यानं दोराला हात लावायचा नाही. माणूस तीस फुटांवर असतो, वारा असतो, कुठे ढोल वाजत असतो, त्यानं काय ऐकलं ते आपल्याला कळायला नको का? या रितीनं आमच्या टोळीत चौतीस वर्षांत एकाचंही बोट चेमटलं नाही.

मग आमच्याकडे सूनबाई आली.

हे नाव आम्ही ठेवलं. पुण्याच्या ज्या कंपनीनं ती बनवली, त्यांनी काहीतरी भलंमोठं संस्कृत नाव दिलं होतं. सूनबाई म्हणजे आपणहून उभी राहणारी आणि आपणहून उतरणारी कमान. ते कसं होतं ते सांगते, अवघड नाही. निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू आहे. त्याची तार तापवून एका आकारात बसवली, की तो आकार तिच्या लक्षात राहतो. गार असताना कशीही वाकवा, पुन्हा ऊब मिळाली की बाई आपल्या मूळ आकारावर. दात सरळ करायच्या तारा याच धातूच्या असतात, कित्येक वर्षांपासून. कंपनीनं अशा तारांचे दोन संच एकत्र विणून जाड पट्टे केले. एका संचाला उभी कमान आठवते, दुसऱ्याला गुंडाळलेली वळकटी आठवते. वरून एका खास प्लास्टिकचं वेष्टण. ते गार असताना लोखंडासारखं घट्ट आणि पासष्ट अंशांवर मऊ. वीज सोडली की प्लास्टिक मऊ पडतं, पहिला संच तापतो, आणि मैदानात ठेवलेल्या चार वळकट्यांतून अठ्ठावीस फुटांची कमान उभी राहते. वीस मिनिटांत गार होऊन घट्ट. उतरवताना दुसरा संच तापवायचा, चार मिनिटांत काम खलास. आमच्या अठरा माणसांना याच कामाला पाच तास लागायचे.

आमचे हात कामात असतात, म्हणून हिला हुकूम तोंडी द्यायचा, प्रत्येकाच्या हेडसेटमधून. पहिला महिना तिनं नुसतं ऐकलं. कोण काय म्हणालं आणि त्यानंतर काय झालं, एवढंच टिपत बसायची, नवी सून बसते तशी. महिन्याभरात तिला कळलं, की ‘वाढवा’ म्हटलं की कमान खाली येते. कंपनीची इंजिनीअर मृण्मयी आमच्याबरोबर फिरायची, सत्तावीस वर्षांची, डबा खाताना सुद्धा मांडीवर टॅबलेट. ती म्हणाली, “अक्का, पुस्तकातला हुकूम ‘दुमड’ असा आहे, पण हिनं तुमचा शब्द घेतला. किती छान ना?” आम्हालाही छानच वाटलं.

सुरक्षा चोख होती. ‘वाढवा’ हा शब्द दहा सेकंदांत दोन वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती हलायची नाही. ‘थांब’ मात्र एकानं म्हटलं तरी पुरे, तिथल्या तिथे वीज बंद. आणि वर चढणाऱ्यानं कमरेला एक पट्टा बांधायचा. तो पट्टा वर असेपर्यंत हिनं कुणाचंच ऐकायचं नाही.

थांबवलं की काय होतं ते आम्ही एकदा बघितलं होतं. विट्याला कमान उतरताना मध्येच जनरेटर बंद पडला. वीज गेली तशा तारा ढिल्या, आणि प्लास्टिक अजून मऊ. कशाचाच आधार नाही. पाच मिनिटांत एक कोपरा ओल्या शेवयांसारखा लोंबला आणि आमच्याच टेम्पोच्या टपावर येऊन बसला. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

आता दादाचं सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण माझीच चूक आहे.

सूनबाई आल्यावर अठरातल्या बारा जणांना काम उरलं नाही. पोरं दुसरीकडे लागली, चांगली लागली. प्रश्न दादाचा होता. वय बासष्ट. विमा कंपनीनं लिहून दिलं, की साठीपुढच्या माणसाला वर चढवायचं नाही. मी त्याच्याशी बोलायला हवं होतं. पंधरा दिवस आज बोलू, उद्या बोलू केलं, आणि शेवटी नुसतं मृण्मयीला सांगितलं, की पुढच्या महिन्याच्या कामाच्या तक्त्यात भास्कर हे नाव घालू नकोस. तिनं तक्ता नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या फोनवर पाठवला. दादानं तो चहा पिता पिता उघडला.

“माझं नाव कुठाय गं?” एवढंच त्यानं विचारलं.

“दादा, विम्याचं आहे ते. मी तुला सांगणारच होते.”

“तक्त्यानं सांगितलं की,” तो म्हणाला. कप विसळून ठेवला आणि उठला.

त्यानंतर अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही. महिना पुरा होईपर्यंत कामावर मात्र रोज सातला हजर. मी ‘दिवा डावीकडे’ म्हटलं की वरून ‘दिवा डावीकडे’. मी ‘बांधा’ म्हटलं की ‘बांधा’. बस्स. अकरा दिवस मी सख्ख्या भावाच्या तोंडून माझेच शब्द ऐकत होते. कमरेचा पट्टाही त्यानं सोडून ठेवला होता. बैलाच्या गळ्यातली घंटा म्हणायचा त्याला. मला दिसत होतं. मृण्मयीला कळू दिलं नाही, आणि त्यालाही बोलले नाही. बोलले असते तर तो ‘पट्टा बांध’ एवढंच परत म्हणाला असता आणि बांधला नसता, अशी माझी मीच समजूत काढली होती.

महिन्याचा शेवटचा दिवस. मिरजेतल्याच एका कॉलेजच्या मैदानावर समूहगानाचा महोत्सव होता. सकाळी दहाचं उद्घाटन. आठला सूनबाई उभी राहिली, नऊपर्यंत दिवे आणि स्पीकर टांगून झाले. चाळीस बायका एकसारख्या हिरव्या साड्या नेसून कमानीखाली स्टेजवर रांगा करून उभ्या होत्या, आलापाची तयारी चालली होती. तेवढ्यात वरच्या फलकाचा उजवा कोपरा वाऱ्यानं सुटला. दादा कुणाला काही न विचारता शिडीनं वर गेला. पट्टा शिडीच्या पायाशी, तिथेच लटकवलेला. मी बघितलं आणि मान फिरवली.

प्रमुख पाहुणे आले. निवृत्त मुख्याध्यापक, धोतर, काठी, चेहऱ्यावर उशीर झाल्याचा संकोच. त्यांच्या हातात नारळ दिला होता आणि सूत्रसंचालन करणारी मुलगी भलतंच काहीतरी लांबण लावत होती. आमचा ध्वनीवाला मुजावर स्टेजजवळच होता. मी हेडसेटवर त्याला म्हटलं, “मुजावर, पाहुण्यांना किती वेळ ताटकळत ठेवता? त्यांना म्हणावं, नारळ वाढवा.”

आणि वरून, चौतीस वर्षांच्या सवयीनं, शब्द परत आला.

“वाढवा.”

मला तेव्हा काहीच जाणवलं नाही. मग कमानीच्या पायाकडून तो ओळखीचा आवाज आला, गूळ कढताना येते तशी बारीक खदखद. पट्टे तापत होते. माझा एक ‘वाढवा’ आणि दादाचा एक, दोन तोंडं तिला मिळाली होती. मी वर बघितलं. दादा उजव्या कोपऱ्यात, अठ्ठावीस फुटांवर, दोन्ही पाय कमानीच्या पट्ट्याभोवती घालून बसला होता. त्याच्या हातातला दोर तसाच राहिला.

आई गं, मी माझ्याच तोंडानं भावाला पाडलं, एवढंच डोक्यात. ओरडायला तोंड उघडलं.

“विजे.” हेडसेटवर दादाचा आवाज. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याचा स्वतःचा शब्द. “तो शब्द काढू नको. कुणाला काढू देऊ नको. विट्याचं आठव.”

उघडलेलं तोंड मी मिटलं. थांबवली असती तर तारा ढिल्या पडल्या असत्या, पट्टे मऊ होतेच, आणि दादाच्या वजनानं उजवा कोपरा आधी लोंबला असता. दादासकट, चाळीस बायकांवर. चालू राहिली तर तारा निदान ओढून धरतील.

पण हे मला आणि दादाला ठाऊक. स्टेजवरच्या बायकांना कमान हलताना दिसली आणि त्यांची पळापळ सुरू झाली. मुजावर दोन्ही हात पसरून पुढे धावला. आता हा भला माणूस काय ओरडणार ते मला दिसलं. अशा वेळी कुणीही तेच ओरडेल. मी तीन ढांगांत त्याला गाठलं आणि त्याच्या कानावरचा हेडसेट ओरबाडून काढला.

“थांबा, एकेक जणी!” त्याच क्षणी तो ओरडला. हेडसेट माझ्या मुठीत होता, माईक दाबून धरलेला.

“सगळ्यांनी हेडसेट काढा,” मी म्हटलं. “माझा आणि दादाचा सोडून.” टोळीची माणसं जुनी, कारण विचारत बसली नाहीत.

मृण्मयी टॅबलेट घेऊन धावत आली. चेहरा पांढराफटक. “अक्का, वर माणूस आहे! पट्टा का दाखवत नाही? पुस्तकात आहे, वर माणूस असला की ताबडतोब बंद करायची.” तिचं बोट पडद्यावरच्या लाल बटणाकडे गेलं. मी तिचा हात धरला.

“नको.”

“अक्का, नियम आहे तो. काही झालं तर मी काय उत्तर देऊ?”

“ते पुस्तक लिहिणारा कधी वर चढलाय का गं?”

तिनं हात सोडवून घेतला नाही. पण तिचं म्हणणं चूक होतं असं मी छातीठोकपणे कुठे सांगू शकत होते? एका बाजूला कंपनीचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला म्हातारा म्हणून मी तक्त्यातून काढलेला माणूस. त्याचं ऐकलं आणि तो पडला, तर मी जन्मभर काय तोंड घेऊन वहिनीसमोर उभी राहणार होते? देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी ते बटण माझ्याच हातात असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

“दादा,” मी म्हटलं. पुढचा प्रत्येक शब्द तोंडात घोळवून तपासून बाहेर काढत होते. “काय करू सांग.”

“बायका आधी काढ. ही पायाकडून आखडत येते, माथा शेवटपर्यंत सपाट राहतो. शंभर वेळा खालून बघितलंय मी. फक्त मी कोपऱ्यात नको. मधे सरकतो.”

“मधे सरक,” मी म्हटलं. आज शब्द परत द्यायची पाळी माझी होती.

स्टेजच्या पायऱ्यांवर उभी राहून मी बायकांना म्हटलं, “सावकाश या, एकीमागून एक, कमान उतरते आहे, पडत नाही.” आवाज कसा काय शांत निघाला कुणास ठाऊक. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “अगं, उतरते म्हणतात ती, चला गं,” आणि स्वतः सगळ्यांत शेवटी उतरली. सव्वा मिनिटात स्टेज रिकामं झालं.

वर दादा पोटावर आडवा होऊन सरपटत होता. कमानीचा पट्टा ऊन लागत असणार, कारण तो मधूनमधून हात झटकत होता. कमान वीस फुटांवर आली. उजवा पाय डाव्यापेक्षा वीतभर जास्त आखडला आणि सगळा माथा कलला. मैदानातून एक लांब ‘ओ’ निघाली. दादा जिथे होता तिथे चिकटून राहिला. मृण्मयीनं माझा दंड इतका दाबला, की चार बोटांचे वळ दोन दिवस होते.

“कलला गं,” दादा म्हणाला. “जरा दम धर.” तो आणखी हातभर डावीकडे सरकला, बरोबर मधोमध. माथा सावकाश, अगदी सावकाश, सरळ झाला.

पंधरा फूट. दहा. दिवे स्टेजला लागून दोन काचा फुटल्या. त्या क्षणी माझ्या मनात आलं, फुटोत, सगळे फुटोत. कमान कंबरेइतकी खाली आली तेव्हा दादानं एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि तो स्टेजवर उभा राहिला. मागे सूनबाईनं शिस्तीत स्वतःच्या चार वळकट्या केल्या आणि गप्प बसली.

मी गेले ती सरळ त्याच्या अंगावर. मारलं की मिठी मारली, कुणी विचारू नये. दोन्ही असेल. “पट्टा का नाही बांधलास, मेल्या?” एवढंच म्हणता आलं, मग रडूच आलं. त्याच्या तळहातांना चार फोड आले होते. बाकी ओरखडा नाही. छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो कसा उतरतो ते मला त्या दिवशी कळलं. मी स्टेजवर फतकल मारून बसले.

पाहुणे अजून नारळ हातात धरून उभे होते. “मग मी हा वा...” त्यांनी सुरुवात केली, तोच टोळीतल्या पाच जणांनी एकदम त्यांच्याकडे हात केले. बिचारे दचकले.

“फोडा, सर,” मी म्हटलं. “आज नुसता फोडा.”

कमानीशिवाय, उघड्या आभाळाखाली बायका गायल्या. लोक म्हणाले, असा महोत्सव झाला नव्हता. उद्घाटनाला मुद्दाम कमान खाली आणली असंही काहींना वाटलं, आम्ही त्यांना तसंच वाटू दिलं.

दुपारी मृण्मयी माझ्याजवळ येऊन बसली. “अक्का, आमच्या घरीसुद्धा नारळ वाढवतातच. मी ‘फोडा’ म्हटलं म्हणून आजी एकदा मला रागावली होती. आणि मी दोन माणसांची अट घातली, सगळं केलं, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही.” मग म्हणाली, “आणि तुम्ही शब्द परत देता, ते तर मी रोज ऐकत होते.” तिला रडू फुटायच्या बेतात होतं. मी तिला दादाच्या कमरेच्या पट्ट्याचं खरं सांगून टाकलं, म्हणजे माझ्या वाट्याची चूक माझ्याकडे आली. तिनं अहवालात दोघींची नावं घातली.

संध्याकाळी सहाला टेम्पो भरून झाला. दादानं मलम लावलेल्या हातांनी डबा उचलला, टोपी झटकली. त्याचा शेवटचा दिवस. दिवसभर तो माझ्याशी नीट बोलला होता, पण तक्त्याचा विषय त्यानं काढला नाही आणि मला काढवला नाही.

“येतो, विजे,” तो म्हणाला.

आता हाही आमचा असलाच एक शब्द. जाणारा माणूस जातो म्हणत नाही. अण्णा दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत, तेही दारातून ‘येतो’च म्हणाले होते. मला म्हणायचं होतं, जाऊ नको. चुकले मी, दादा, जाऊ नको. तोंडातून एकच शब्द निघाला.

“ये.”

तो गेला.

सकाळी सातच्या आत मी गोदामावर पोचले. मृण्मयीकडून तक्ता मागवून घेतला आणि भास्कर हे नाव सगळ्यांत वर घातलं. पुढच्या रकान्यात काम लिहायचं होतं. वर चढणार नाही, मग काय लिहू? मृण्मयी म्हणाली, तिला सूनबाईचे सगळे शब्द नव्याने तपासायचे आहेत, कुठला शब्द आपल्यात आणखी कुठे कुठे वापरतात ते सांगणारं माणूस तिला हवंच आहे. मी लिहिलं, ‘शब्द’. आता हे घेऊन त्याच्या घरी कधी जावं आणि वहिनीसमोर कसं बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात दार वाजलं.

दादा. डबा, टोपी, हातावर पट्ट्या.

मी नुसती बघत राहिले.

“काय बघतीस?” तो म्हणाला. “मी येतो म्हणालो, तू ये म्हणालीस. शब्द परत मिळाला. मग नको यायला?”

मी तक्ता त्याच्यापुढे धरला. त्यानं चष्मा लावून आपलं नाव वाचलं, पुढचा रकाना वाचला, पुन्हा नाव वाचलं. मग नाक ओढलं आणि कुठून सुरुवात करायची ते मृण्मयीला विचारलं. ती म्हणाली, आधी कमान उभी करून एकेक शब्द बोलून बघू.

मी खुंटीवरचा पट्टा काढून त्याच्या हातात दिला. कमानीच्या आसपास वावरायचं तर आजपासून खालीसुद्धा तो हवाच.

“पट्टा बांध,” मी म्हटलं.

“पट्टा बांध,” दादा म्हणाला, आणि बांधला.